एका शिक्षकाचे सोबती

१८६८ साली जपानमध्ये मोठे राज्यपरिवर्तन झाले आणि मेइजी सम्राटाच्या नावाने नवा कारभार सुरू झाला. पश्चिमेकडील विद्या शक्य तितक्या लवकर आत्मसात करावयाची, असा त्या देशाने निश्चय केला. आगगाड्या, तारायंत्रे, आरमार, कारखाने आणि शाळा या सर्वांसाठी परदेशांतून जाणती माणसे बोलावण्यात येऊ लागली. त्यांच्याशी ठरावीक मुदतीचा करार होई, पगार भरघोस मिळे आणि मुदत संपली की त्यांना निरोप देण्यात येई. ही मंडळी बहुधा योकोहामा, कोबे यांसारख्या बंदरांतील परकीयांच्या वस्तीत राहत, आपलेच अन्न खात, आपल्याच भाषेत बोलत आणि काम आटोपताच आगबोटीने मायदेशी परतत. १८९० साली असाच एक ठेंगणा, एका डोळ्याने अधू असलेला मनुष्य करारावर मात्सुए नावाच्या गावी इंग्रजी शिकविण्यास गेला. तो मात्र परत गेला नाही. त्याचे नाव लाफ्काडिओ हर्न.

खरे पाहता, परत जावे असा मायदेश त्याला नव्हताच. त्याचा जन्म १८५० मध्ये लेफ्काडा या ग्रीक बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश आणि ब्रिटिश सैन्यात शस्त्रवैद्य. हर्न दोन वर्षांचा असताना त्याला डब्लिनला आणण्यात आले. लवकरच आई त्याला सोडून ग्रीसला निघून गेली, वडीलही दुरावले. एका वृद्ध आजीने त्याचा सांभाळ केला. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना त्याच्या डाव्या डोळ्याला इजा झाली आणि तो डोळा कायमचा गेला. उरलेल्या डोळ्याला जवळचेच काय ते दिसे. पुढे आजीची संपत्ती बुडाली आणि एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ रिकाम्या हाताने त्याला अमेरिकेस जावे लागले. तेथे एका म्हाताऱ्या मुद्रकाने त्याला आपल्या छापखान्यात आसरा दिला. कागदाच्या कातरणांच्या ढिगावर तो निजत असे. तेथूनच तो वृत्तपत्रांत शिरला आणि वीस वर्षे लेखणीवर जगला. स्वभाव मानी, संशयी आणि तापट होता. जोडलेले मित्र तो एका क्षणात तोडी. फुटलेल्या डोळ्याची लाज वाटे म्हणून छायाचित्र काढून घेताना तो मान फिरवून किंवा दृष्टी खाली लावून बसे.

जपानला तो प्रथम गेला तो एका अमेरिकन मासिकासाठी लेख लिहिण्यास. परंतु आपल्याबरोबर आलेल्या चित्रकाराला आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक मोबदला मिळणार आहे हे कळताच त्याने त्या मासिकाशी संबंध तोडून टाकला. योकोहामात तो निराधार झाला. तोक्योतील विद्यापीठात जपानी भाषेचे अध्यापन करणारे इंग्रज विद्वान बॅसिल हॉल चेंबरलेन आणि हर्नची अमेरिकेतील प्रदर्शनात ओळख झालेले एक जपानी अधिकारी यांनी खटपट केली, आणि मात्सुएच्या शाळेत दरमहा १०० येन पगारावर त्याला जागा मिळाली.

मात्सुए हे जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे, इझुमो प्रांतातले आडबाजूचे गाव. तेथपर्यंत आगगाडी गेलेली नव्हती. डोंगर ओलांडून चार दिवसांचा प्रवास रिक्षाने करावा लागला. (रिक्षा हा शब्दही मूळचा जपानीच. ‘जिनरिकिशा’ म्हणजे माणसाच्या बळावर चालणारे वाहन.) अकिरा नावाचा एक तरुण विद्यार्थी दुभाषी म्हणून बरोबर होता. ३० ऑगस्ट १८९० रोजी हर्न मात्सुएला पोहोचला आणि ओहाशी नदीच्या काठी एका उतारूगृहात उतरला.

पहाटे त्याला जाग आली ती एका ठेक्याने. कोठेतरी मोठ्या उखळात तांदूळ कांडले जात होते. तो गंभीर, ठरावीक अंतराने उमटणारा आवाज उशाखालच्या जमिनीतून येत असल्यासारखा वाटे. मग देवळातली घंटा झाली. फेरीवाले आरोळ्या देऊ लागले. नदीकाठी उतरलेल्या माणसांनी उगवत्या सूर्याकडे तोंड करून टाळ्या वाजविल्या व नमस्कार केला. नंतर लाकडी पुलावरून शेकडो खडावांचा खडखडाट सुरू झाला. ज्याला नीट दिसत नाही तो ऐकण्यास शिकतो. हर्नने पुढे मात्सुएविषयी जे लिहिले त्यात नादाला फार मोठे स्थान आहे, त्याचे एक कारण हेही असावे.

त्या उतारूगृहात तो फार काळ राहिला नाही. तेथील एका लहान मुलीचे डोळे दुखत होते. तिला वैद्याकडे न्यावे असे हर्नने मालकाला वारंवार सांगितले. मालकाने चालढकल केली. हर्न इतका संतापला की त्याने तेथून आपले बिऱ्हाडच हलविले, आणि त्या मुलीवर उपचार करवून ती बरी होईल अशी व्यवस्था केली.

मात्सुएच्या माध्यमिक शाळेत निशिदा सेन्तारो हा प्रमुख शिक्षक होता. वय अठ्ठावीस, म्हणजे हर्नपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला इंग्रजी उत्तम येई. शरीर मात्र क्षयाने पोखरलेले होते. नव्या परदेशी शिक्षकाला वर्ग दाखविणे, नियम समजावून देणे, घर शोधून देणे ही कामे त्याच्याकडे आली; परंतु काम म्हणून सुरू झालेला हा संबंध थोड्याच दिवसांत काहीतरी वेगळा झाला. हर्नचे प्रश्न संपत नसत. या देवळाच्या दारात कोल्ह्याच्या मूर्ती का? मेलेल्यांच्या सणाला दिवे पाण्यात का सोडतात? लहान मुले दगडी मूर्तीपुढे खडे का रचतात? निशिदा ठाऊक असेल ते सांगे, आणि ठाऊक नसेल ते शोधून काढून सांगे. सप्टेंबर महिन्यात त्याच्याच ओळखपत्राने हर्न इझुमोच्या प्राचीन महामंदिरात गेला. तेथे आतपर्यंत प्रवेश मिळालेला तो पहिला पाश्चात्त्य मनुष्य होता.

निशिदाविषयी हर्न आपल्या पत्नीजवळ जे बोलत असे ते तिने पुढे लिहून ठेविले आहे. निशिदा हुशार आहे, दयाळू आहे, हे तर तो सांगेच. पण त्याला विशेष मोल वाटे ते याचे, की निशिदा त्याचे दोष तोंडावर सांगतो आणि कधीही खुशामत करीत नाही. ज्या मनुष्याने थोड्याशा टीकेवरून अनेक स्नेही तोडले होते, तो निशिदाची टीका मात्र आनंदाने ऐके. एवढ्या चांगल्या माणसाला असला आजार द्यावा हे देवाचे चुकलेच, असेही तो म्हणे.

त्या शाळेतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षक नवा नव्हता. पूर्वी आलेल्या एका शिक्षकाने त्यांना रानटी म्हटले होते. सम्राटाच्या तसबिरीपुढे तुम्ही वाकता हाच त्याचा पुरावा, असे त्याचे म्हणणे होते. ३ नोव्हेंबरला सम्राटाच्या वाढदिवसाचा समारंभ झाला तेव्हा इतरांप्रमाणे हर्ननेही त्या तसबिरीपुढे मान लवविली. एका विद्यार्थ्याने नंतर हा सारा प्रकार त्याला सांगितला व त्याचे मत विचारले. आपल्या पूर्वजांचा आणि राजाचा मान राखणे यात कमीपणाचे काहीच नाही, अशा आशयाचे उत्तर हर्नने दिले. त्यानंतर मुले त्याच्या घरी येऊ लागली. दाराशी पायताण काढावे, आत येऊन गुडघे मोडून बसावे, वाढलेली मिठाई खावी आणि फारसे न बोलता बसून राहावे. कोणी घरातले जुने चित्र दाखविण्यास आणी, कोणी आजोबांची एखादी वस्तू. परत जाताना ती वस्तू तितक्याच जपून गुंडाळून नेई.

या मुलांपैकी दोघे, शिदा आणि योकोगी, कोवळ्या वयातच वारले. योकोगी हा सुताराचा मुलगा. त्याची बुद्धी पाहून एका धनिकाने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला होता. या दोघांपैकी एकाने मृत्यूपूर्वी एका रात्री हट्ट धरला, की मला शाळा पाहावयाची आहे. घरच्या वृद्ध नोकराने त्याला पाठीवर घेतले आणि निजलेल्या गावातून शाळेपर्यंत नेले. अंधारात मुलाने आपल्या वर्गाची खिडकी पाहून घेतली, आणि मग ते परतले. हर्नने हा प्रसंग एका ओळीचेही भाष्य न करता लिहून ठेविला आहे.

मात्सुएचा पहिला हिवाळा फार कडक निघाला. बर्फ साचले, हर्न आजारी पडला. त्याच्या घराची व्यवस्था पाहण्यासाठी कोइझुमी सेत्सु नावाची बावीस वर्षांची तरुणी आली. ती सामुराई कुळातली. नव्या कारभारात जुन्या लढवय्या घराण्यांचे उत्पन्न बुडाले होते आणि तिचे घरही दारिद्र्यात होते. निशिदाच्या मध्यस्थीने १८९१ मध्ये या दोघांचा विवाह झाला. तिला इंग्रजी येत नव्हते. त्याला जपानी येत नव्हते. ती इंग्रजी शब्द ऐकून जपानी अक्षरांत एका वहीत टिपून ठेवी. तो जपानी शब्द व्याकरणाची पर्वा न करता एकापुढे एक ठेवी. या खटपटीतून दोघांची एक स्वतंत्र भाषाच निर्माण झाली. तिला घरची मंडळी ‘हेरुनसानची भाषा’ म्हणत. मात्सुएच्या सरकारी कागदात हर्नचे नाव चुकून ‘हेरुन’ असे लिहिले गेले होते. त्याला ते इतके आवडले की त्याने ते दुरुस्त करू दिले नाही. ‘सान’ म्हणजे आपल्याकडील ‘राव’ किंवा ‘पंत’ म्हणा.

उन्हाळ्यात ती दोघे किल्ल्याच्या खंदकाजवळच्या एका जुन्या सामुराई घरात राहावयास गेली. तिन्ही बाजूंनी लहानशी बाग, तळे, तळ्यात कमळे आणि बेडूक. बेडकांना खाण्यास एक साप येई. हर्न आपल्या ताटातले अन्न सापापुढे ठेवी आणि ‘हे घे, पण त्यांना खाऊ नकोस’ असे त्याला बजावी. सापाने ही अट मानली की नाही याची नोंद नाही.

या घरात जेमतेम पाच महिने गेले. मात्सुएची थंडी त्याला सोसत नव्हती; शिवाय सेत्सुच्या वडीलधाऱ्या माणसांचाही भार आता त्याच्यावर होता. दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, कुमामोतो शहरातील उच्च विद्यालयात दुप्पट पगाराची जागा मिळाली, ती त्याने पत्करली. नोव्हेंबर १८९१ मध्ये तो निघाला तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याला एक जुनी तलवार भेट दिली. सकाळीच ते त्याच्या घरापुढे जमले आणि धक्क्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.

कुमामोतो हे मात्सुएसारखे नव्हते. १८७७ च्या बंडात तेथील किल्ल्याला वेढा पडला होता व शहराचा मोठा भाग जळून गेला होता. नंतर जे उभे राहिले ते नवे, लष्करी छावणीचे गाव. येथील विद्यार्थी वयाने मोठे व अबोल होते. शिक्षकांत निशिदासारखा कोणी नव्हता. मधल्या सुटीत हर्न विद्यालयामागील टेकडीवर जाई. तेथील जुन्या स्मशानात बुद्धाची एक दगडी मूर्ती होती. तिच्या शेजारी बसून तो खाली पसरलेली शेते न्याहाळीत असे. तरीही या शहराने त्याला दोन मोठी माणसे दाखविली. पहिले म्हणजे विद्यालयाचे मुख्याध्यापक कानो जिगोरो. ज्यूदो या कुस्तीप्रकाराचे हेच संस्थापक. प्रतिपक्षाच्या जोराला विरोध करावयाचा नाही, त्याचाच जोर त्याच्यावर उलटवावयाचा, हे या विद्येचे रहस्य हर्नने त्यांच्या शाळेत पाहिले आणि त्यावर एक लांबलचक निबंध लिहिला. ज्या काळी ही विद्या जपानबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती, त्या काळचा हा निबंध आहे.

दुसरे आकिझुकी तेइजिरो. हे चिनी अभिजात ग्रंथ शिकवीत. वय सत्तरीच्या घरातले. तरुणपणी ते आइझू संस्थानचे सामुराई होते, १८६८ च्या युद्धात पराभूत पक्षाकडून लढले होते आणि त्यासाठी त्यांनी बंदिवासही भोगला होता. आता ज्या सरकारविरुद्ध ते लढले त्याच सरकारच्या विद्यालयात ते शांतपणे मुलांना शिकवीत. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि हर्नचे जपानी तर घरच्या चार भिंतींपुरतेच होते. परंतु हे वृद्ध गृहस्थ शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले की खोली उबदार होते, असे हर्नला वाटे. त्यांना पाहून देवाची आठवण होते, असे तो म्हणे. मैत्रीला संभाषण लागतेच असे नाही.

१८९३ च्या नोव्हेंबरात पहिला मुलगा काझुओ जन्मला. पुढच्याच वर्षी हर्नने कुमामोतो सोडले व कोबे या बंदरातील एका इंग्रजी दैनिकात काम धरले. तेथे त्याचे दिवस चांगले गेले नाहीत. परकीयांची वस्ती, तिचा दिमाख आणि जपानी माणसांकडे पाहण्याची तिची तऱ्हा त्याला सहन होईना. त्यातच रात्रंदिवस लिहून उरलेला डोळाही दुखावला आणि काही आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. दैनिकाची नोकरी सुटली. या अंधाऱ्या दिवसांत एक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. आपण आज मेलो तर सेत्सु आणि काझुओ यांचे काय? सेत्सुचा विवाह ब्रिटिश कायद्याप्रमाणे नोंदविला तर ती आणि मूल ब्रिटिश प्रजाजन ठरतील आणि आपल्याच देशात परकी होतील. नोंदविला नाही तर वारसा मिळण्याची शाश्वती नाही. अखेर हर्ननेच आपले नागरिकत्व बदलण्याचे ठरविले. १८९६ मध्ये तो जपानी प्रजाजन झाला आणि पत्नीच्या घराण्यात त्याची नोंद झाली. आडनाव कोइझुमी घेतले; स्वतःचे नाव याकुमो. याकुमो म्हणजे आठ मेघ, आठपदरी ढग. इझुमो प्रांताचा उल्लेख प्राचीन जपानी काव्यात ज्या शब्दाने होतो, तोच हा शब्द.

त्याच वर्षी त्याला तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या अध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४०० येन. तोक्योला जाण्यापूर्वी तो उन्हाळ्यात मात्सुएला जाऊन आला. निशिदाशी त्याचा पत्रव्यवहार इतक्या वर्षांत थांबलेला नव्हता. १८९५ साली प्रसिद्ध झालेला आपला एक ग्रंथ इझुमोतील दिवसांची आठवण म्हणून त्याने निशिदाला अर्पण केला होता. परंतु निशिदाचा आजार आता शेवटच्या टप्प्याला पोहोचला होता. मार्च १८९७ मध्ये तो मरण पावला. त्याचे वय तेव्हा पस्तीसही नव्हते.

पुढे एकदा हर्न तोक्योतील रस्त्याने रिक्षातून घरी आला तो अस्वस्थ होऊनच. सेत्सुला त्याने त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितले, की आज वाटेत निशिदा पाठमोरा दिसला. रिक्षावाल्याला घाई करून मी त्याला गाठण्याचा प्रयत्न केला. अगदी निशिदाच होता तो.

तोक्यो हे शहर त्याला कधीच आवडले नाही. वर्गात मात्र तो रमे. हाती टिपण न घेता तो सावकाश, एकेक वाक्य सुटे करून बोले आणि विद्यार्थी ते अक्षरशः उतरवून घेत. या वह्यांवरूनच त्याच्या मृत्यूनंतर त्याची व्याख्याने ग्रंथरूपाने छापता आली. मात्सुएचा एक जुना विद्यार्थी, ओतानी मासानोबु, आता विद्यापीठात शिकत होता. त्याला शिक्षणाला पैसे कमी पडतात हे हर्नने ताडले. नुसती मदत दिली तर मुलाचा मान दुखावेल, म्हणून त्याने त्याला काम दिले. लोकगीते, कीटकांवरील कविता, मुलांचे खेळ यांची माहिती गोळा करून आणावयाची आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यावयाचे.

घरी संध्याकाळी वेगळीच शाळा भरे. सेत्सु जुन्या बाजारांतून, पुस्तकांच्या दुकानांतून भुताखेतांच्या आणि दंतकथांच्या पोथ्या शोधून आणी. परंतु पुस्तक हाती धरून वाचलेले हर्नला चालत नसे. तू ती गोष्ट स्वतःची करून, आपल्या शब्दांत सांग, असा त्याचा आग्रह असे. दिव्याची वात बारीक केली जाई. सेत्सु सांगे आणि तो श्वास रोखून ऐके. मग प्रश्न सुरू होत. ते दार उघडले तेव्हा आवाज कसा झाला? त्याने हाक मारली ती कोणत्या सुरात? रात्र कशी होती? सेत्सुला या कथांची पुढे स्वप्ने पडू लागली. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘क्वाइदान’ हा त्याचा सर्वांत गाजलेला ग्रंथ अशा रीतीने तयार झाला आहे. त्यावर नाव एकट्या हर्नचे आहे. सेत्सुचेही असते तर ते अधिक न्याय्य झाले असते.

तोक्योच्या उन्हाळ्यातून सुटण्यासाठी १८९७ पासून तो मुलांना घेऊन याइझु या मासेमारांच्या गावी जाऊ लागला. पोहण्यात तो तरबेज होता आणि तेथील खोल, खवळलेला समुद्र त्याला मानवे. तो उतरे तो यामागुची ओतोकिची नावाच्या मासे विकणाऱ्याच्या माडीवर. माडी ठेंगणी, उकाड्याची, पिसवांनी भरलेली. सेत्सुला तेथे दिवस काढणे जड जाई. हर्नला मात्र ओतोकिचीपेक्षा चांगला यजमान जपानमध्ये नाही असे वाटे. खाली दुकानात मासे, फळे आणि किरकोळ सामान. वर विद्यापीठाचा अध्यापक. हा अध्यापक त्या मासेविक्याला ‘ओतोकिची सामा’ म्हणे. ‘सामा’ हा ‘सान’ पेक्षाही मोठा मान आहे.

ओतोकिचीच्या देव्हाऱ्यात दारुमाची एक लाल बाहुली होती. बोधिधर्म हे भारतातून चीनमध्ये गेलेले बौद्ध भिक्षू. त्यांच्याच नावाचे हे जपानी रूप. या बाहुलीला पाय नसतात, कितीही आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते. हर्नने पाहिले, की ओतोकिचीच्या दारुमाला एकच डोळा आहे. मुलांनी फोडला काय, असे त्याने विचारले. ओतोकिचीने सांगितले, की बाहुली विकत घेताना तिला डोळेच नसतात. काही लाभ झाला की एक डोळा काढावयाचा. मोठा लाभ झाला की दुसरा. मुक्काम संपल्यावर ओतोकिचीने हिशेब दिला तो इतका अल्प होता की हर्नला लाज वाटली. आपल्याला योग्य वाटली तेवढी रक्कम त्याने दिली. निघण्याच्या पहाटे तो खाली उतरला तेव्हा देव्हाऱ्यातील दारुमा दोन डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होता. ही गोष्ट हर्नने स्वतः लिहिली आहे. आपल्या स्वतःच्या डोळ्याचा उल्लेख त्याने तीत केलेला नाही.

१९०३ मध्ये विद्यापीठाने त्याचा करार पुढे चालविला नाही. विद्यार्थी खवळले, सभा झाल्या. तेव्हा कमी तास व कमी वेतन अशी तडजोड पुढे आली. मानी हर्नने ती नाकारली. त्याच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी हा होता. हा पुढे आधुनिक जपानचा श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला, आणि योगायोग असा, की त्यानेही पूर्वी कुमामोतोच्या त्याच विद्यालयात इंग्रजी शिकविले होते. काही महिन्यांनी, १९०४ च्या वसंतात, वासेदा विद्यापीठाने हर्नला बोलाविले. पहिल्या दिवशी तो घरी आला तो आनंदात. वेतन किंवा मान याविषयी तो काही बोलला नाही. तेथील ताकाता नावाचे प्रमुख गृहस्थ निशिदासारखे दिसतात, हे त्याने सेत्सुला सांगितले.

२६ सप्टेंबर १९०४ रोजी संध्याकाळी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय ५४ होते. तोक्योतील झोशिगाया येथे त्याची समाधी आहे आणि तिच्यावर कोइझुमी याकुमो हे नाव आहे. मात्सुएतील ते बागेचे घर आजही जपून ठेविलेले आहे. त्याचे सारे ग्रंथ इंग्रजीत होते. जपानी वाचकांना ते पूर्णपणे मिळाले ते मात्र त्याच्या मृत्यूनंतर. त्यांचे जपानी भाषांतर ज्यांनी केले त्यांत ओतानी मासानोबु होता, आणि मात्सुएच्या त्याच वर्गातला ओचिआइ तेइझाबुरो होता. दोघांनाही इंग्रजी हर्नने शिकविलेले होते.